सिस्टरांची मिनिटं वाचवा: दवाखान्यात, गावात आणि आपल्या गल्लीत

दरवर्षी १२ मे जवळ आला की बेळगावातल्या कुठल्या ना कुठल्या मंडळाला सिस्टरांची आठवण येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० चा, म्हणून जगभर तो परिचारिका दिन. आमच्या वहिनी एका मोठ्या दवाखान्यात एकवीस वर्षं स्टाफ नर्स आहेत. काही वर्षांमागं त्यांच्याकडं असाच एक सत्कार झाला. वेळ ठेवली होती सकाळी अकराची. म्हणजे डॉक्टरांचा राऊंड नुकताच संपलेला, बदललेली औषधं चालू करायची, ड्रेसिंग व्हायची, डिस्चार्जचे कागद अडलेले. अशा वेळी सगळ्या वॉर्डांतून सिस्टरांना खाली हॉलमध्ये बोलावलं. पाहुणे उशिरा आले, चौघांनी भाषणं केली, फोटोग्राफरनं शाल दोनदा घालायला लावली. दीड तास गेला. दोनला सुटणारी ड्युटी वहिनींनी साडेतीनला संपवली, कारण नोंदी लिहायच्या राहिल्या होत्या. घरी आल्या त्या नारळ हातात धरून. "भावजी, चटणी करा त्याची," एवढंच म्हणाल्या आणि पाय वर करून पडल्या.

मंडळाच्या लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी स्वतः असल्या कार्यक्रमांत खुर्च्या मांडल्यात. फक्त कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला नक्की काय पाहिजे. मी नंतर वहिनींना आणि त्यांच्या मैत्रिणींना ते विचारलं. उत्तरं वेगवेगळी आली, पण बहुतेकांचं म्हणणं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलं: आमचा वेळ खाऊ नका. पुढं जे लिहिलंय ते त्या उत्तरांतून, आणि आमच्या बाबांच्या उशाशी मी काढलेल्या एकोणीस दिवसांतून.

आधी माणसं ओळखा

पांढऱ्या किंवा निळ्या कपड्यातली प्रत्येक बाई म्हणजे 'सिस्टर' हे आपलं पहिलं चुकतं. वॉर्डात औषध, इंजेक्शन, सलाईन पाहते ती नर्स. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण, बीएस्सी नर्सिंग म्हणजे चार वर्षांचं, वर राज्याच्या नर्सिंग परिषदेकडं नोंदणी. सरकारी दवाखान्यात दारावरच्या पाटीवर कन्नडमध्ये 'शुश्रूषाधिकारी' लिहिलेलं दिसेल, ते त्यांचंच पद. पुरुष नर्सही आता पुष्कळ असतात, त्यांना 'ब्रदर' म्हणतात. 'ओ कंपाउंडर' म्हणू नये. लादी पुसणं, बेडपॅन, स्ट्रेचर ढकलणं हे आया आणि वॉर्डबॉयचं काम.

खेड्यात चित्र निराळं. उपकेंद्रात असते ती पूर्वीची एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका. तिचं आताचं नाव 'प्राथमिक आरोग्य सुरक्षाधिकारी'. काही उपकेंद्रांत तिच्या जोडीला 'समुदाय आरोग्य अधिकारी' असतात. आशा ताई गावातलीच असते, ती नर्स नव्हे आणि तिला पगार नाही, मानधन मिळतं. आपण तिघींनाही 'नर्सबाई' म्हणतो आणि तिघींकडून तिघींचं काम मागतो. मग जिच्याकडं इंजेक्शन टोचायचा अधिकार नाही तिच्यावर आपण रागावतो, आणि जिच्याकडं आहे तिला रेशनकार्डाबद्दल विचारतो.

वॉर्डात: एक माणूस, एक वही

समजा रात्रीच्या वॉर्डात चाळीस रुग्ण आहेत आणि दोन सिस्टर. प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकानं फक्त दोन मिनिटांचा एक प्रश्न विचारला, तर ऐंशी मिनिटं संपली. आपल्याकडं एका रुग्णामागं प्रश्न विचारणारी माणसं सहा: मुलगा, सून, जावई, गावाहून आलेले चुलते, त्यांना सोडायला आलेला गाडीवाला आणि 'मला दवाखान्यातलं कळतं' म्हणणारा एक मेव्हणा. खानापूरहून किंवा चंदगडहून माणूस भेटायला आला की मोकळ्या हातानं परत जात नाही, काहीतरी विचारून जातो. प्रश्न तोच: "आता कसं आहे?"

म्हणून घरात पहिल्याच दिवशी ठरवा. विचारायला एकच माणूस. तो कुणी का असेना, पण तोच. बाकीच्यांनी त्याला फोन करायचा.

त्या माणसाकडं एक साधी शंभर पानी वही द्या. पहिल्या पानावर रुग्णाचं नाव, वय, जुने आजार, चालू गोळ्या (नाव वाचता येत नसेल तर रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणा), आणि ठळक अक्षरांत: कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. पुढच्या पानांवर रोजचं. किती वाजता लघवी झाली, किती वेळा उलटी झाली, काय खाल्लं, ताप कधी चढला. बाबांच्या वेळी मी हे लिहीत होतो. चौथ्या दिवशी सिस्टर स्वतः येऊन वही मागू लागल्या, कारण रात्री तीनला झालेली उलटी त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि माझ्या वहीत ती होती.

वेळ पाहून बोला. बहुतेक दवाखान्यांत ड्युटी बदलते ती सकाळी आठला, दुपारी दोनला आणि रात्री आठला. त्या अर्ध्या तासात एक सिस्टर दुसरीला प्रत्येक रुग्णाची माहिती सोपवत असते. तिथं मधे तोंड घातलं की एखादी गोष्ट सांगायची राहते, आणि ती गोष्ट कदाचित तुमच्याच रुग्णाची असते. औषधांची ट्रॉली घेऊन सिस्टर फिरत असतील तेव्हाही तसंच. गोळ्या मोजत असलेल्या माणसाला हाक मारू नये, हे किराणा दुकानात सुटे पैसे मोजणाऱ्याबद्दल आपल्याला कळतं, इथं का कळू नये? श्वास अडकला, फिट आली, रक्त येतंय, रुग्ण बोलेनासा झाला, तर मात्र वेळ पाहायची नाही. धावत जा आणि एका वाक्यात सांगा: "सतरा नंबर, श्वास लागलाय." अख्खी हकिकत नको.

सलाईनबद्दल चार शब्द जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच. नळीवर एक छोटी चाकी असते, थेंबांचा वेग ठरवणारी. 'लवकर संपू दे, घरी जायचंय' म्हणून ती फिरवणारे नातेवाईक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. त्या बाटलीत काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला पाणी वेगानं गेलं तर ते फुप्फुसात साचतं, आणि काही औषधं वेगानं गेली तर जीवावर बेततं. चाकीला हात लावायचा नाही. बाटलीत दोन बोटं पाणी उरलं की सांगायला जा, म्हणजे सिस्टरला हातातलं काम संपवून यायला सवड मिळते. नळीत रक्त उलटं चढलेलं दिसलं तर ओरडू नका, नळी दाबत बसू नका, शांतपणे सांगा. सुईची जागा लाल झाली, सुजली, दुखू लागली तर तेही सांगा. हे सांगणं म्हणजे त्रास देणं नव्हे. ही मदत आहे.

आणखी थोडी किरकोळ वाटणारी कामं. बेडशेजारचं कपाट मोकळं ठेवा. त्यावर डबे, थर्मास, देवाचा अंगारा, मोबाईलचा चार्जर असं सगळं रचलेलं असलं की सिस्टरला ट्रे ठेवायला जागा राहत नाही. इंजेक्शन देताना रुग्णाला धरायचं असेल तर सिस्टर सांगतील तसंच धरा आणि तिचा हात ढकलला जाणार नाही असं पाहा. वापरलेली सुई चुकून सिस्टरलाच टोचली तर पुढचे कित्येक आठवडे रक्ततपासण्या आणि काळजी तिच्या मागं लागते. बेडवर तीन-तीन माणसं बसू नका. जाताना सिस्टरच्या टेबलावरचं पेन खिशात घालून जाऊ नका. हसू नका, वहिनी महिन्याला डझनभर पेनं विकत घेतात.

हाक कशी मारायची? "सिस्टर, थोडं बघता का?" पुरे आहे. बिल्ल्यावरचं नाव वाचून घेतलं तर फारच छान. "ए बाई", "काय करूलाय तिकडं" असली भाषा घराबाहेर ठेवा.

कागदाचे प्रश्न सिस्टरला विचारू नका

बेळगावच्या दवाखान्यांत निम्मी गर्दी कागदांची असते. कुणाकडं कर्नाटकाचं बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, कुणाकडं चंदगड-गडहिंग्लजचं महाराष्ट्राचं रेशनकार्ड, कुणी गोव्याहून आलेला. 'आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक' योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, एपीएल म्हणजे त्या रेषेवरच्या कुटुंबाला खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखापर्यंत. त्यात २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन राज्यांत खडाजंगी झाली, आणि लोकांचा गोंधळ आणखी वाढला. या सगळ्याचं उत्तर वॉर्डातल्या सिस्टरकडं नसतं. योजनेत असलेल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, त्याच्याकडं जा. आधार, रेशनकार्ड, सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स असं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

भाषेचं काय करायचं

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तिथं तो लढू दे. वॉर्डात तो उघडू नका.

बेळगावात काम करणाऱ्या नर्स कुठून कुठून आलेल्या असतात: गोकाक, बागलकोट, विजापूर, केरळ. केरळची मुलगी इथं येऊन आधी कन्नड शिकते, मग मराठी, आणि तिची दोन्हींची सरमिसळ ऐकून आपण हसतो. तिच्या जागी आपण त्रिशूरला असतो तर? खानापूरच्या एखाद्या आजीला कन्नडचा शब्द येत नाही आणि समोर गोकाकची सिस्टर, अशी गाठ रोज पडते. त्यावर उपाय सोपा आहे. वहीच्या मागच्या पानावर दहा-बारा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा आणि रुग्णाकडं ठेवा: नोवु म्हणजे दुखणं. होट्टे नोवु, पोटात दुखतंय. एदे नोवु, छातीत दुखतंय. तले नोवु, डोकं. ज्वर, ताप. वांती, उलटी. उसिराट, श्वास. नीरु, पाणी. मात्रे, गोळी. 'सावकाश' मात्र दोन्हीकडं चालतो, त्याला भाषांतर लागत नाही.

उलट बाजूनंही करता येतं. शेजारच्या खाटेवरच्या कन्नड रुग्णाचं आपल्याला कळत असेल तर दुभाषा व्हा, सिस्टरची पाच मिनिटं वाचतील. आणि रात्री साडेनऊला तिला विचारून पाहा, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, एवढंच. बाबांच्या वॉर्डातल्या एका सिस्टरला मी हे विचारलं तर ती जरा वेळ बघतच राहिली. मग म्हणाली, दिवसभरात कुणी पहिल्यांदा विचारलं.

गावात: उपकेंद्रातल्या बाईसाठी

सरकारी निकष सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगराळ भागात ३,००० ला एक. कागदावर ठीक आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, पावसाळ्यात ओढे भरले की तीच ३,००० माणसं सात वाड्यांत विखुरलेली असतात आणि मधे जंगल. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांत आजारी माणसाला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणायची वेळ आजही येते. तिथं लस घेऊन जाणारी बाई त्याच वाटेनं जाते, फक्त तिची बातमी होत नाही.

गावानं तिच्यासाठी काय करावं?

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत किंवा शाळेत एक खोली, दोन खुर्च्या, एक टेबल आणि हात धुवायला पाणी तयार ठेवा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. ती दहाला पोचते आणि किल्ली कुणाकडं आहे ते शोधण्यात अर्धा तास जातो, हे जवळजवळ प्रत्येक गावातलं. किल्ली कुणाकडं असेल त्याचं नाव आणि नंबर आदल्या दिवशी तिला कळवा. लहान मुलांच्या आयांना बोलावून आणायचं काम आशा ताईवर टाकून मोकळं न होता महिला मंडळानं गल्ल्या वाटून घ्याव्यात.

तिला वापरता येईल असा संडास दाखवा. स्वच्छ, आतून कडी लागणारा. दिवसभर फिरणाऱ्या बायका पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात आणि मग स्वतः आजारी पडतात. कुणी तोंडानं बोलत नाही, म्हणून मी इथं लिहितोय.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं असेल तर फोन करून सांगा, निघायच्या आधी. गाडी पंक्चर झाली तर तरुण मंडळातला कुणीतरी जाईल असं ठरवून ठेवा. मोकाट कुत्र्यांच्या गल्लीतून तिच्याबरोबर पोरं पाठवा. आणि तिनं गावात भाड्यानं खोली मागितली तर 'एकटी बाई आहे' म्हणून नको म्हणू नका. उपकेंद्राचं क्वार्टर गळतं म्हणून ती तालुक्याहून ये-जा करते, आणि मग आपणच म्हणतो की बाई वेळेवर येत नाही.

रात्री-अपरात्री फोन करायचा तर बाळंतपणासाठी, सापासाठी, जीवावर बेतलं असेल त्यासाठी. पण त्याआधी १०८ ला लावा. गाडी तिच्याकडं नसते. पित्त झालंय म्हणून रात्री अकराला फोन, आणि फोन उचलला नाही म्हणून सकाळी कट्ट्यावर बदनामी, हे बंद व्हायला पाहिजे. काही पुरुष तिच्या नंबरावर सकाळी फुलांचे फोटो आणि 'शुभ प्रभात' पाठवत राहतात. त्यांना गावातल्या मोठ्या माणसांनी समजावावं. तिला त्यासाठी तक्रार करायला लावू नये.

पैशाची गोष्टही आहे. प्रत्येक गावाला ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते आणि तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा निधी मिळू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला आरोग्य रक्षा समिती असते. उपकेंद्राची गळकी कौलं, तुटलेली कडी, दारातला दिवा, पाण्याची टाकी हे विषय तिथं आणि ग्रामसभेत मांडता येतात. नर्सनं स्वतः मांडलं तर 'बाई फार बोलते' होतं. गावकऱ्यांनी मांडलं तर ठराव होतो. ठराव लेखी घ्या आणि प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं पाठवा. रिकामी पदं भरा म्हणून मागणीही तशीच लेखी करा. तीन जणींचं काम एकीकडून करून घेऊन तिला फुलं देण्यात काय अर्थ आहे?

गल्लीत: दिवसा झोपणारं माणूस

आम्ही वडगावात राहतो. आजूबाजूला कापड विणायचे माग आहेत. वहिनी म्हणतात, मागांच्या खटखटीत झोप लागते, उलट दुपारी वीज गेली आणि माग थांबले की जाग येते. पण बेल, कुकर, स्पीकर यांना कान सरावत नाही.

रात्रपाळी म्हणजे बऱ्याच ठिकाणी रात्री आठ ते सकाळी आठ. घरी येऊन आंघोळ करून झोपायला दहा वाजतात. आणि दहालाच गॅस सिलिंडरवाला, कुरियरवाला, भाजीवाली आणि शेजारीण ("जरा बीपी बघतीस का गं?") या सगळ्यांची वेळ सुरू होते. शेजाऱ्यांनी एवढंच करावं. तिचं सिलिंडर, पार्सल आपण घ्यावं. तिच्या मुलाला आपल्या मुलांबरोबर शाळेतून आणावं. दारावर तिनं पाटी लावली असेल तर बेल वाजवू नये. बीपी बघून घ्यायचंच असेल तर संध्याकाळी पाचनंतर, आणि रोज नव्हे. फुकटचं इंजेक्शन टोचायला तर सांगूच नये. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घरी इंजेक्शन देऊन काही बिघडलं तर जाते ती तिची नोकरी.

बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीप्रमाणं. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते आणि कधीकधी ती परिचारिका दिनाच्या आगेमागेच येते. मला ती मिरवणूक प्राणापेक्षा प्यारी आहे, तेव्हा ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण मंडळाला दोन गोष्टी करता येतील. दवाखान्यासमोरून जाताना आवाज पूर्ण बंद. आणि मिरवणुकीच्या मार्गावरून रात्रपाळीला जाणाऱ्या सिस्टरांना, ब्रदरना वाट काढून द्यायला चार स्वयंसेवक. ओळखपत्र दाखवलं की दोरी वर. एकदा एका मंडळाच्या पोरांनी वहिनींच्या स्कूटरला असं मधून काढलं होतं; ते त्या अजून सांगतात. शाल मिळाली होती ते त्यांना आठवतही नाही.

राग आला तर

हा भाग मला सर्वात अवघड वाटतो, कारण राग कधीकधी खरा असतो. रुग्ण दगावतो, कुणी नीट सांगत नाही, बिल वाढत जातं, आणि समोर उभी असते ती सिस्टर. डॉक्टर ऑपरेशनमध्ये, मॅनेजर केबिनमध्ये, म्हणून शिव्या तिला पडतात. निर्णय तिनं घेतलेला नसतो, बिल तिनं लावलेलं नसतं.

कायदा सांगतो. वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसेविरुद्ध कर्नाटकात २००९ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात डॉक्टरांबरोबर नर्स आणि नर्सिंगचे विद्यार्थीही येतात, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि मोडतोड केली तर दुप्पट भरपाई द्यावी लागते. पण वॉर्डात माणसं तापलेली असताना कलमं सांगून काही होत नाही. तिथं उपयोगी पडतो तो घरातला किंवा गावातला एक वजनदार माणूस. अशा वेळी त्यानं करायचं ते असं: नातेवाइकांना सिस्टरच्या टेबलापासून लांब, व्हरांड्यात न्यावं. पाणी द्यावं. मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना थांबवावं. "एकजण बोलू, डॉक्टरांना भेटू, कागद मागू," असं सांगावं. हात उचलला गेलाच तर ११२.

तक्रार जरूर करा, पण लिहून. तारीख, वेळ, वॉर्ड, काय झालं, कोण हजर होतं. दवाखान्याच्या अधीक्षकांकडं द्या, पोच घ्या. निष्काळजी नर्सही असतात. बाळंतपणानंतर 'खुशी' म्हणून पैसे मागणारे लोक मी पाहिलेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. लेखी तक्रारीनं वाईट माणूस सापडतो. आरडाओरड्यानं मार खातो तो जो समोर उभा असतो तो.

आभाराचं पत्र कसं लिहायचं

वहिनींकडं एकवीस वर्षांत अशी तीन पत्रं आली. तिन्ही प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या साड्यांच्या कपाटात.

पत्र एका पानाचं असावं. 'आपल्या सेवेबद्दल आम्ही ऋणी आहोत' असली वाक्यं कुणालाही चिकटतात, म्हणून कुणालाच चिकटत नाहीत. नेमकं काय घडलं ते लिहा. असं काहीसं:

"माझे वडील दि. अमुक ते अमुक पुरुष वैद्यकीय वॉर्डात, खाट क्र. १७ वर दाखल होते. दि. अमुकच्या रात्रपाळीत सिस्टर (पूर्ण नाव) यांना त्यांचा श्वास वेगळा चाललेला जाणवला. आम्हाला ते कळलं नव्हतं. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावून डॉक्टरांना बोलावलं आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासानं येऊन पाहिलं. वडील आता घरी आहेत. ही नोंद त्यांच्या सेवापुस्तकाबरोबर ठेवावी ही विनंती."

दवाखाना मोठा असेल तर पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, प्रत नर्सिंग अधीक्षकांना. उपकेंद्रातल्या बाईसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, प्रत तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. आणि एक प्रत तिच्या हातात, हे विसरू नका. सरकारी दवाखान्याला पत्र कन्नडमध्ये द्या, फाइलीत तेच पुढं सरकतं. तिच्या हातातली प्रत हवी तर मराठीत द्या. कन्नड येत नसेल तर शाळेत शिकणारी पोरं लिहून देतील, त्यांचाही अभ्यास होईल. खाजगी दवाखान्यात इंग्रजी चालतं. कंत्राटी नर्स असेल तर पत्र आणखी मोलाचं; करार संपताना तिच्या हातात दाखवायला फारसं काही नसतं.

१२ मे, आणि द्यायचंच असेल तर

रोख रक्कम आणि महागाची भेट नको. सरकारी कर्मचाऱ्याला ती घेता येत नाही आणि खाजगीतलीला ती अडचणीत आणते. खायला द्यायचं तर पाच मिनिटांत, एका हातानं, चमच्याशिवाय खाता येईल असं द्या: केळी, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा बघायला छान, पण हात चिकट होतात आणि रात्री तीनला कुंदा कुणाला खाववत नाही. आणि डबे नेताना रात्रपाळीला विसरू नका. मिठाई सकाळी येते, सकाळचे लोक खातात, रात्रीच्यांना रिकामा पुठ्ठा दिसतो. आया आणि वॉर्डबॉयलाही त्यातच धरा.

टिकणारं काही द्यायचं असेल तर सिस्टरांच्या खोलीला पाण्याचा फिल्टर, पाय लांब करता येईल अशी एक खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, पेनांचा गठ्ठा. आधी नर्सिंग अधीक्षकांना विचारा.

सत्कार करायचाच असेल तर ड्युटीच्या वेळेत नको. वॉर्डात फोटो नको, मागच्या खाटेवरचा रुग्ण त्यात येतो. भाषणं दोन, त्यातलं एक नर्सचं. आणि एखादी खरोखर असामान्य काम करणारी असेल तर तिची माहिती पद्धतशीर गोळा करून राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कारासाठी पाठवायला तिच्या खात्याला मदत करा. केंद्र सरकार १९७३ पासून तो देतं, राष्ट्रपतींच्या हस्ते. खेड्यातली एएनएमही त्याला पात्र असते. अर्ज भरायला तिला सवड नसते, तुम्हाला आहे.

ज्या घरात मुलगी नर्सिंगला जातेय

निपाणी, खानापूर, बेळगावच्या आसपासच्या गावांतून पुष्कळ मुली नर्सिंगला जातात. पालकांनी फी भरायच्या आधी एक गोष्ट पाहावी: कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्य परिषदेची त्या वर्षाची मान्यता आहे का. जाहिरातीवर नव्हे, परिषदेच्या यादीत. मान्यता नसेल तर तीन वर्षांनी हातात येतो तो फक्त कागद.

आणि मग लग्नाची बोलणी. 'पगार चांगला आहे, पण नाइट ड्युटी सोडणार असेल तर बघू,' हे वाक्य मी आमच्याच नात्यात तीन ठिकाणी ऐकलंय. दवाखान्यात आपल्या आईच्या उशाशी रात्रभर सिस्टर पाहिजे, सून म्हणून मात्र ती रात्री घरी पाहिजे. कुणाची तरी सून तिथं रात्रभर जागते म्हणून आपली आई सकाळ बघते.

आमच्या घरीही सुरुवातीला असंच होतं. वहिनी रात्रपाळीवरून येऊन आधी भाकऱ्या थापायच्या, मग झोपायच्या. कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी नको असंही म्हटलं नव्हतं. बदललं ते बाबा एकोणीस दिवस वॉर्डात राहून आल्यावर. घरी आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वहिनींच्या खोलीच्या खिडकीला जुनी जाड चादर ठोकली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वहिनींच्या रात्रपाळीच्या तारखांवर निळ्या पेनानं 'रा' लिहायला सुरुवात केली. बाबा आता नाहीत. 'रा' आता माझा पुतण्या लिहितो, आणि त्या दिवशी आमच्याकडं कुकर लागतो तो चारनंतर.